भुलाबाईच्या डब्याने फोडलेले कपाळ

नेर, रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

घटना संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांची. 

भुलाबाईची गाणी संपली. बायका खिरापतीचा बंद डबा हलवून आत काय आहे ते ओळखत होत्या. माझे ब्लाऊज शिवणारी कमल, जन्माने मुलगा, आता बाई म्हणून राहते. ती हसून म्हणाली, "करंज्या!" महिला मंडळाच्या सचिव सुलूबाईंनी तोच डबा तिच्या कपाळावर हाणला. वर तिचा पदर ओढत ओरडल्या, "दाखव न मंग, बाई हायेस तं!" करंज्या रक्तात पडल्या.

मी सुलूबाईंचे मनगट पिरगाळले. कडकन आवाज आला? आला असेल. त्या किंचाळल्या, "तुमीच म्हणता न मॅडम, पुरुष तो पुरुषच!"

म्हणते. तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले आहे. कमललाही तोंडावर सांगितले होते. ती म्हणाली होती, "असन मॅडम. पन बाही किती ठेवू?" पण माझ्या वाक्याने कुणाचे डोके फोडा, असे मी कधी शिकवले?

दवाखान्यात पाच टाके पडले. डबा न उघडता ओळखायचा, आणि माणूस फाडून बघायचा!

सुलूबाई, बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत कमलच्या नावे लेखी माफी हवी. नाहीतर पोलिसांत जाईन, पिरगाळलेल्या मनगटाची कबुली देऊन.

टाके घालताना कमलने विचारले, "त्या तुमचंच बोलल्या न मॅडम?" याचे उत्तर मला द्यायचे आहे. तेही लेखी. बुधवारी, पाचच्या आत.