बसवलेला राजा

अप्पा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला एका मेलेल्या राजाविषयी लिहिते आहे. हसू नका. तहसीलमधली पस्तिशीला टेकलेली कारकून बाई रविवारी दुपारी व्हिडिओ गेम खेळते, हेच तुमच्या गळी उतरायचं नाही. माझ्या हातात मोबाईल दिसला तरी तुम्ही चष्म्यावरून बघायचात. पण दोन वर्षं मी ज्या कोड्यामागे लागले होते ते परवा सुटलं, आणि कसं सुटलं ते सांगायला तुमच्याशिवाय माणूस सुचेना.

या गेममध्ये एक उजाड झालेलं राज्य आहे. त्यात आपण हिंडायचं, राक्षस मारायचे, आणि पडक्या भिंतींवरची चित्रं बघून पूर्वी काय घडलं ते आपलं आपण जुळवायचं. सरळ गोष्ट कुणी सांगत नाही. कळतं ते एवढंच, की शत्रू चालून आला त्या सकाळी म्हाताऱ्या राजाने पहाऱ्यावरच्या मुलीला सांगितलं, माझ्यापाशी थांबू नकोस, जा, मागची वेस उघड, लोकांना निघून जाऊ दे. ती गेली. परत आली तेव्हा राजा संपला होता. पण त्याच्या समाधीतल्या चित्रात ती मुलगी त्याच्या शेजारीच उभी आहे, आणि खाली राजा आडवा नाही, मांडी घालून बसलेला आहे. यावरून जगभरच्या खेळणाऱ्यांनी इंटरनेटवर तर्क बांधला, की त्या सकाळी काळाला दोन फाटे फुटले. दुसऱ्या टाइमलाइनमध्ये मुलीने राजाचं ऐकलंच नाही, ती थांबली, म्हणून तो वाचला. समाधीत बसलेला दिसतो तो त्या टाइमलाइनमधला जिता राजा.

या तर्काची सगळ्यात कट्टर वकील मी. पानंच्या पानं लिहिली. एका दालनात चंद्रकोर उलटी आहे, जळालेलं झाड दुसऱ्या चित्रात हिरवं आहे, असले पुरावे गोळा केले. कुणी शंका काढली की त्याच्यावर तुटून पडायचे. चौसाळ्याच्या आपल्या कापड दुकानात मी पहिल्यांदा मोजायचा गज हातात घेतला तो दिवस आठवतो? पॉपलीन ओढून ओढून मोजत होते, आणि तुम्ही गिऱ्हाइकासमोरच माझा हात धरलात. "कापड वढून मोजायचं न्हाई. वढलेलं कापड धुतलं की आपल्या जागेवर येतंय, अन् गिऱ्हाइक आपल्या दारात." मला लई राग आला होता, दोन दिवस दुकानाकडे फिरकले नव्हते. गेमच्या बाबतीत मी तेच करत होते, फक्त हात धरणारं कुणी नव्हतं.

का करत होते हे तुम्हाला सांगायला नको, तरी लिहिते. त्या सकाळी तुम्ही ओसरीवर बसून छाती चोळत होतात. मी विचारलं तर म्हणालात, "ग्यास झालाय. तू जा, दुकान उघड. बाजाराचा दिवस हाय, गिऱ्हाइक माघारी जाईल." मी किल्ल्या घेतल्या आणि गेले. तासाभराने काका बोलवायला आले, मला घरी थांबवून आईने आणि त्यांनी जीपमधून तुम्हाला बीडला नेलं, आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढायच्या आधीच तुम्ही गेलात. तेव्हापासून रोज मी त्या ओसरीवर परत उभी राहते. किल्ल्या घेत नाही. म्हणते, दुकान राहू द्या अप्पा, आधी दवाखान्यात चला. आणि तुम्ही वाचता. बारा वर्षं मी हेच करत आले, नवऱ्यालाही कधी बोलले नाही.

परवा आई माझ्याकडे आली होती. स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती, आणि मी जवळच मोबाईलवर समाधीचं चित्र मोठं करून बघत होते. तिने मान वाकवून विचारलं, हे काय गं? मी उत्साहाने सगळं सांगितलं, राजा, मुलगी, दोन फाटे. म्हटलं, "बघ ना, मेलेला असता तर बसला असता का?"

आईने ओले हात पदराला पुसले आणि मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "बसला न्हाई, बसवलाय त्याला. मागून टेकू दिलाय बघ. आपल्यातला दिसतोय."

आणि ती परत मेथीकडे वळली. परदेशातल्या पोरांना माहीत नसेल, पण मला? बायका येत नाहीत म्हणत असताना हट्टाने मी रुद्रभूमीत, तुम्हाला माती द्यायला आले होते. तुम्ही खड्ड्यात मांडी घालून बसला आहात, कपाळभर विभूती, डाव्या हातात इष्टलिंग, स्वामी बेलपानं टाकतायत, आणि मला वाटतंय, आत्ता मान वर करून म्हणतील, दुकान कोण बघतंय? आपण लिंगायत माणसं, मेलेल्याला बसवतो हे माझ्याइतकं जवळून त्या गेमवाल्यांत कुणी पाहिलेलं नसेल. तरी मीच जगाला सांगत होते, बसलाय म्हणजे जिता आहे.

मग विचारलंच. "आई, त्या दिवशी मी दुकानाला गेले नसते तर?"

"तर काय? जीपमधी आणिक एक जण रडत बसलं असतं." तिने एक जुडी सोडली. "डॉक्टरनं तवाच सांगितलतं मला अन् तुझ्या काकाला. दुखणं पहाटंच येऊन गेलतं. तेवढ्यावर हे उठून अंघोळ करून वसरीवर बसले, त्याचंच डॉक्टरला नवल वाटत व्हतं. दुकान उघडायच्या टायमाला काईच हातात न्हवतं."

"मग मला कावून न्हाई सांगितलंस?"

"तू इचारलंस कवा?" निवडलेली देठं बाजूला सारत म्हणाली, "मी शेजारी निजलते, मला कळलं न्हाई. तुला काय कळणार हुतं?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले, अप्पा, आणि रडता रडता हसायलाही आलं, कारण ती मेथी माझ्या केसांत टाकत होती. मग जेवले. किती भाकरी खाल्ल्या ते आईने मोजलं असेल. दुपारी इतकी गाढ झोपले की नवऱ्याने दोनदा येऊन बघितलं.

उठल्यावर त्या लोकांना लिहून टाकलं, की आमच्याकडे माणसाला असंच बसवून माती देतात, राजा मेलेला आहे, माझा तर्क चुकला. बरेच जण चिडले. एकाने विचारलं, मग चित्रात ती मुलगी तिथे कशी? मी लिहिलं, चित्र काढणाऱ्याला ती तिथे हवी असेल.

आता हे पत्र. आईच्या हाती लागू नये म्हणून वाचून झाल्यावर फाडून टाकणार आहे, कारण तिला न सांगितलेली एक गोष्ट राहिली आहे. त्या सकाळी मी दुकान उघडलं, पण गिऱ्हाइक एकही नव्हतं. काका येईपर्यंत तासभर मी गादीवर लोळून मोबाईलवर गेम खेळत होते, आणि अप्पा, मला लई मजा येत होती.