कॅलेंडरवरचे लाल गोल

१० फेब्रुवारी
काल करिष्माचा अकोल्याच्या होस्टेलवरून फोन. म्हणाली, "बाबा, आईकडे तुमचं लक्षच नसतं." दिवसभर मनाला लागलं. मुलगी उन्हाळी सुटीत येईपर्यंत तिला खोटं ठरवायचं.

सुरुवात आजच. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सुचिताने लाल पेनाने गोल केलेत. ४, १५, २४ जानेवारी आणि ९ फेब्रुवारी. लग्नाला बावीस वर्षं झाली, नवऱ्याला एवढं कळतं. पाळीच्या तारखा. अंतर अकरा, नऊ, सोळा दिवस. पुस्तकात अठ्ठावीस आहे. शिवाय काल, गोलाच्या दिवशी, ती कंबर धरून बसली होती. कॉलेजात भूगोल शिकवतो. निरीक्षण हाच आमचा पाया.

११ फेब्रुवारी
तिलाच विचारावं का? तिला संकोच वाटेल. मला वाटणार नाही, केवळ तिचा विचार करून गप्प.
डॉक्टर? आधी घरगुती, नैसर्गिक. मोबाइलवर अकरा लेख वाचले. मेथीचं पाणी, तीळगुळाचे लाडू, जवस, पपई, रोज चालणं, पुरेशी झोप, टेन्शन नको. एका लेखात होतं, पाळी इतकी लवकर लवकर येत असेल तर आधी डॉक्टरला दाखवा. तो लेख फार लांब होता.

१४ फेब्रुवारी
मेथीचं पाणी दिलं. म्हणाली, "शुगर तुमाले हाय, मेथी मले काऊन?" हसून टाळलं. वाया जायला नको म्हणून मीच प्यालो.

२२ फेब्रुवारी, सकाळ
साडेपाचला म्हणालो, चल, सोबत फिरायला जाऊ. ती अंगणात पाइप धरून उभी. म्हणाली, "आज मले मरायची फुरसत नाही. जा तुम्ही." एकटाच गेलो. परत आलो तर कॅलेंडरवर नवा गोल. पुन्हा कंबर. निदान पक्कं.
तेरा दिवस. याला सुधारणा म्हणावी का? घाई नको.
म्हणावी.

२७ फेब्रुवारी
वीस लाडू केले. पाक जरा पुढे गेला. तिने एक शेजारच्या अमीरबींना दिला. त्या घरीच शिलाईकाम करतात. भिंतीपलीकडून आवाज आला, "भाभी, सर ने लड्डू के बदले बत्ता भेज दिया क्या?" दोघी बराच वेळ हसत होत्या. हसण्याने टेन्शन जातं, म्हणजे लाडू लागू पडला. उरलेले एकोणीस मी खातो आहे.

११ मार्च
सतरा दिवस. जवसाचा गुण.
स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं: जवसाची चटणी तर मी एकटाच खातो, मग गुण तिला कसा? घरातलं वातावरण बदललं असावं.

१ एप्रिल
एकवीस. माझं वजन तीन किलोने वाढलं, पण हे माझ्याबद्दल नाही.
सुचिता मात्र चिडलेली. पंखा पूर्ण वेगात असूनही पदराने वारा घेते, घामाने ओली. अर्ध्या बादलीत आंघोळ करा म्हणते. मी म्हणालो, टेन्शन घेऊ नकोस. तिने रिकामी बादली अशी आपटली की मी पपई चिरायला घेतली.

२९ एप्रिल, सकाळी ८
गोल. दिवस मोजले, पुन्हा मोजले. अठ्ठावीस. बरोबर अठ्ठावीस.
करिष्मा कालच आली आहे. पेढे आणायला निघतो.

२९ एप्रिल, संध्याकाळी ७
पेढे तसेच आहेत.
तिघी ओट्यावर बसल्या होत्या, सुचिता, करिष्मा, अमीरबी. पुडा पुढे केला आणि म्हणालो, अभिनंदन, सगळं नियमित झालं. सुचिता म्हणाली, "काय नियमित झालं?" मी कॅलेंडरच काढून आणलं आणि अंतरं वाचून दाखवली.
ती म्हणाली, "अहो, नळ आला का मी गोल करतो. ड्रम कधी भरले ते ध्यानात राह्यते. अठ्ठावीस दिवसानं नळ आला, अन् तुम्ही पेढे वाटून राह्यले?"
अमीरबींनी तोंडात ओढणी कोंबली. करिष्मा उठून घरात गेली. तिचे खांदे हलत होते.
मी विचारलं, मग तुझी तारीख?
तेव्हा सुचिता हसली नाही. म्हणाली, "माह्यं तं गेल्या वर्षीच्या होळीपासून बंदच हाय. दिवाळीत डॉक्टरीणबाईले दाखवलं. वयानं होते म्हणे, घाबरायचं नाही. कॅल्शियमच्या गोळ्या देल्ल्या. फ्रीजवर तं ठेवल्या हायेत."
करिष्माला माहीत होतं. अमीरबींना माहीत होतं.

३० एप्रिल
गेल्या वर्षीची डायरी काढली. दिवाळीचा आठवडा. माझंच अक्षर:
"सुचिता अमीरबींसोबत बाहेर. ब्लाउजचं माप द्यायचं म्हणे. चहा स्वतः करावा लागला. बाकी विशेष काही नाही."