डावीकडची पावलं

रविवार, १६ फेब्रुवारी

ती. दाजी,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण तुम्ही म्हणाल, आधी कंबर वाकवून दाखव, मग कागदावर लोटांगण घाल.

फोन सोडून पत्र कुठून सुचलं, असं वाटेल. फोनवर तुम्ही सगळं हसण्यावारी नेता आणि मीही सुटल्यासारखा हसतो. म्हणून कागद. परगावची नवी नोकरी कशी आहे? सभागृहात माइक लावायचे म्हणजे तुमच्या हातांना आरामच. ताई सांगत होती, पहिल्याच आठवड्यात तुम्ही एका वक्त्याला 'जरा आवरतं घ्या, माइक तापलाय' म्हणालात. खरं असो वा नसो, ऐकून बरं वाटलं.

इकडे सगळं ठीक. आपल्या त्या व्हिडिओ गेमची, म्हणजे खेळाची, दुरुस्त आवृत्ती निघाली आणि तक्रारी थांबल्या. आता लोक संगीताबद्दल चार शब्द बरे लिहितात. खेळातली ती चोरटी बाई तटाच्या सावलीतून सरकत असताना नुसता चेलोचा खर्ज, पहारेकऱ्याला संशय आला की खालून हलकेच ढोल, आणि ती दिसली रे दिसली की सगळा वाद्यमेळ अंगावर येतो. हे थर एकमेकांत इतके बेमालूम कसे मिसळतात, याचं फार कौतुक चाललंय. मिसळले तुम्ही, आणि हार माझ्या गळ्यात.

तुमच्या चिमीने खेळ संपवला. म्हणते, "मामा, पकडल्यावरचं संगीत जास्त भारी आहे, म्हणून मी मुद्दाम पकडून घ्यायचे." लेक तुमचीच, शंका नको.

परवा ताई डबा घेऊन आली होती. माझं टेबल आवरलं, खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलं आणि जाताना म्हणाली, "यांच्या धांदरटपणामुळे तुझ्या मेहनतीवर पाणी पडलं रे. मी यांना चांगलं सुनावलंय. तू मनाला लावून घेऊ नकोस." मी डबा उघडून बसलो. छान होता.

आपल्या दिग्दर्शकसाहेबांनी, म्हणजे कॅप्टनने, खेळाच्या दुसऱ्या भागाचं संगीत मलाच दिलंय. तुमच्या जागी आवाज मिसळायला कोणी नवा माणूस, नवा मिक्सर, आणणार आहेत. कसा असेल कोण जाणे.

त्या बैठकीबद्दलही लिहायचं होतं. पण त्या दिवशी सगळेच थकलेले होते. अशा वेळी कोण काय बोलून जातं आणि कोण गप्प बसतं, याला काही अर्थ नसतो, नाही का? तुम्हालाही तसंच वाटत असेल तर दोन ओळी कळवा.

तब्येत सांभाळा.

तुमचा मेहुणा


शनिवार, १ मार्च

ती. दाजी,

तुमचा निरोप फोनवर आला. एवढाच: "पत्र मिळालं. कान दाखवलास का?"

मी त्या पत्रात कानाचा एक शब्दही लिहिला नव्हता. निरोप वाचला आणि हातातला कप टेबलावर ठेवायचं भान राहिलं नाही. मग आठवलं. स्टुडिओत तुमची खुर्ची कायम माझ्या डावीकडे असायची. शेवटच्या काही महिन्यांत तुम्ही ती उजवीकडे ओढलीत. मी विचारलं तर म्हणालात, "एसीचा झोत थेट टकलावर येतो रे." दाजी, एसी उजवीकडेच आहे. काल जाऊन पाहिलं.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तर मग मीच सगळं सरळ लिहितो.

डाव्या कानाला बारीक, उंच आवाज येईनासे झाल्याला बरेच दिवस झाले होते. आधी मी हेडफोनला दोष दिला. मग नवे हेडफोन घेतले आणि त्यांनाही दोष दिला. डॉक्टरकडे गेलो नाही, कारण डॉक्टरने सांगितलं असतं. संगीतकाराला ऐकू येत नाही ही बातमी आपल्या धंद्यात वाऱ्यासारखी पसरते, आणि मग कोण काम देतं? कोणाला कळू नये म्हणून मी आणखी ठासून बोलायला लागलो. तुम्ही म्हणालात, "उस्ताद, ती पितळी थाळी डावीकडे फार झिणझिणतेय. पहारेकऱ्याची पावलं झाकली जातायत." थाळीवर गज ओढून काढलेला तो आवाज मला फार प्रिय होता आणि मला तो जेमतेम ऐकू येत होता. मी तुम्हाला काय म्हणालो? "दाजी, संगीत माझं आहे. तुम्ही बटणं सांभाळा."

हे वाक्य लिहिताना आत्ताही कान गरम होतात. दोन्ही.

तुम्ही थाळी खाली आणलीत. त्या दुपारी चिमीच्या शाळेतून फोन आला, तिला ताप होता, तुम्ही घाईत निघून गेलात. मी एकटा राहिलो. काम कंपनीकडे जाण्याआधी शेवटचं ऐकलं, आणि मला थाळी ऐकूच येईना. मी ती वर केली. थोडी नाही, चांगली वर केली. मग पाठवून दिलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला ते माझ्या हाताने लिहायचंय. चोरपावलांच्या खेळाची सगळी सचोटी एकाच गोष्टीवर उभी असते: पहारेकरी दिसण्याआधी त्याची पावलं ऐकू आली पाहिजेत. ती आली नाहीत तर खेळणाऱ्याची फसवणूक होते. जगभरातून लोक लिहायला लागले की डावीकडून येणारा पहारेकरी भुतासारखा उगवतो. कॅप्टनने बैठक बोलावली. विचारलं, "मिक्सवर शेवटचा हात कोणाचा?" मी पाण्याच्या ग्लासकडे पाहत होतो. खरं सांगतो, तोंड उघडलं होतं. पण त्याआधी तुम्ही म्हणालात, "माझा."

आणि मी तोंड मिटलं. तुमचं काम गेलं, माझं राहिलं.

इतके दिवस मी स्वतःला समजावत होतो की दाजींना खरंच वाटलं असेल, आपल्याच हातून राहिलं. माणूस विसरतो. तुमच्या त्या निरोपाने माझी तेवढीही पळवाट बंद केली. तुम्ही विसरला नव्हतात. तुम्ही मला पाठीशी घातलंत, आणि मी तिथे आरामात बसलो.

आता या आठवड्यात काय केलं ते.

कान दाखवला. नस गेली आहे. गेलेले सूर परत येणार नाहीत, यंत्र लावलं तर बोलणं नीट ऐकू येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिथून कॅप्टनकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी टेबलावरची एक पिन सरळ केली. मग म्हणाले, "मग ते 'माझा' का म्हणाले?"

"मी त्यांच्या बायकोचा भाऊ आहे."

"आणि तू का गप्प बसलास?"

भीती म्हणावं तर भीती बैठकीपुरती होती. नंतर ती सवय झाली. दुसऱ्या भागाचं काम मी परत केलं. त्यांनी नको म्हटलं नाही. स्वतःशीच पुटपुटले, "मीही त्या माणसाला दुसरा प्रश्न विचारला नाही." ते तुम्हाला फोन करणार आहेत. घ्यायचा की वाजू द्यायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा. घेतलात तर माझी बाजू मांडू नका. तेवढं एक मागतो.

मग ताईकडे गेलो. हे सगळ्यात अवघड होतं म्हणून शेवटी ठेवलं. तेवढा भित्रेपणा अजून शिल्लक आहे.

ती उत्तरपत्रिका तपासत बसली होती. मला पाहून म्हणाली, "आलास? चहा टाकते." मी म्हटलं, "आधी ऐक." उभ्यानेच सांगितलं. ती ऐकताना लाल पेनाचं टोपण लावत होती, काढत होती.

"म्हणजे मी इतके दिवस यांना टोचून बोलत होते," ती म्हणाली, "ते तुझ्यासाठी?"

"हो."

"हे जेवायला बसले तरी मी बोलायचे. हे गावाला निघाले त्या सकाळीसुद्धा मी बोलले. पिशवी भरून देतानाही बोलले. म्हटलं, निदान नव्या ठिकाणी तरी कान उघडे ठेवा."

दाजी, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. मी ताईला विचारलं, मग ते काय म्हणाले? ती म्हणाली, "नुसतं 'बरं' म्हणाले."

मी म्हटलं, "ताई, चुकलो." तिने पेन खाली ठेवलं. "चुकण्याचं काही नाही. मुलं रोज चुकतात, मी दुरुस्त करते. पण तू तुझी चूक दुसऱ्याच्या पेपरवर लिहिलीस, आणि त्याचे मार्क मी कापत बसले." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. लहानपणी ती आधी धपाटा घालायची, मग जवळ घ्यायची. या वेळी दोन्हीतलं काही नाही.

चहा राहिलाच. मी चपला घालायला वाकलो तेव्हा ती दारापर्यंत आली, माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि हळू आवाजात काहीतरी बोलली. एक लहानसं वाक्य. मला ते ऐकू आलं नाही. वळून "काय म्हणालीस?" असं विचारायचं होतं, पण दुसऱ्यांदा बोलायला लावण्याचं तोंड मला कुठे उरलं होतं? मी मान हलवली आणि जिना उतरलो. कशाला मान हलवली, तेही मला माहीत नाही.

ती तुम्हाला आज फोन करेल. तिला विचारा, दारात काय म्हणाली. शिवी असेल तर तशीच कळवा, एक अक्षर मऊ न करता. माफी असेल तर कळवू नका. ती मी तिच्या समोर, उजव्या कानाने ऐकेन, तिने पुन्हा कधी दिली तर.

ज्याच्यासाठी तुम्ही 'बरं' म्हणालात, तो,

तुमचा मेहुणा