अनुभवाच्या चार जागा

३ जून, सोमवार
पुन्हा तेच! जेवायला बसले तोच बाबांनी बारावी काढली. सेहेचाळीस टक्के मिळून वर्ष झालं, पण या घरात माझा निकाल रोज लागतो. "पुन्हा बस परीक्षेला." ताई — ब्याण्णव टक्के! — म्हणाली, "मी शिकवते ना." मागच्या वेळीही तिनेच शिकवलं होतं.

खरं कोणालाच सांगितलेलं नाही. इथल्या दंत महाविद्यालयात कवळ्या आणि कृत्रिम दात बनवण्याचा डिप्लोमा आहे. त्यात चार जागा अनुभवाच्या. टक्के बघतच नाहीत. वर्षभर काम केल्याचं पत्र आणि हातकामाची परीक्षा, बस्स. वर्ष तर मी केलंय! रोज आठ तास, दातांच्या लॅबमध्ये, प्लास्टरने पांढरीफटक होऊन.

५ जून, बुधवार
लॅबच्या मालकांकडे पत्र मागितलं. "बघू."

८ जून, शनिवार
बघू, बघू, बघू! आज तर तोंडावर म्हणाले, "तू गेलीस तर साचे कोण ओतणार?" म्हणजे इथे मी कामाची आहे म्हणून जाऊ द्यायचं नाही, आणि घरी मी बिनकामाची म्हणून पुन्हा बारावीला बसवायचं. एकदाचं काय ते ठरवा रे कोणीतरी!

१२ जून, बुधवार
पत्र मिळालं. आणि त्यात काय? "किरकोळ कामे पाहते." किरकोळ! सहा महिने कवळ्यांचं मेणकाम मीच करतेय. भांडले. मालक लालबुंद झाले, पण दुसरं पत्र लिहिलं.

माझा मोबाइल पाण्यात पडल्यापासून मनाला येईल तेव्हा वाजतो. म्हणून फॉर्मवर दुसरा नंबर लॅबचा दिला. घरचा दिला आणि बाबांनी उचलला तर संपलंच सगळं.

१७ जून, सोमवार
परीक्षा. मेणाची कांडी आणि कोरणी हातात दिली. "खालची पहिली दाढ कोरा." वेळ दोन तास. शेजारचा मुलगा अजून कांडी निरखत होता तोवर मी कोरायला लागलेही. सगळ्यांत आधी माझी झाली.

परीक्षक बाई ती घेऊन खिडकीशी गेल्या.
"कोणाची दाढ ही?"
"कोणाची नाही. मनानेच कोरली."
"वय काय हिचं? सत्तर?"

बाकीचे हसले. मला कळेचना. मग बाईंनी पुस्तकातलं चित्र दाखवलं. त्या दाढेला उंच टोकं, खोल खाचा. माझी वरून सपाट, एका बाजूला तर पार घासलेली. लॅबमध्ये येतात ते सगळे साचे म्हाताऱ्यांच्या तोंडाचे! उरलेसुरले, झिजलेले दात. वर्षभर मी तेच बघितले, त्यामुळे मला दाढ म्हणजे तशीच वाटते. स्वतःच्या तोंडात धडधाकट दाढा आहेत — जीभ फिरवून बघायचंही सुचलं नाही. मूर्ख! मूर्ख! मूर्ख!

१८ जून, मंगळवार
मालकांना सांगितलं. वाटलं, पोट धरून हसतील. त्यांनी हातातली कवळी खाली ठेवली. मग म्हणाले, "चांगली दाढ मी तुला दाखवलीच नाही कधी."

२१ जून, शुक्रवार
आज यादी लागणार होती. निवडलेल्यांना कॉलेजातून फोन जाणार होता. मला आला नाही.

२३ जून, रविवार
पुन्हा बारावीचा फॉर्म भरला. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. आई हळूच म्हणाली, "तिला विचारा तरी." कोणी विचारलं नाही. मीही काही बोलले नाही, याचाच जास्त राग येतोय. सही करताना पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. त्यावरूनही बोलणी खाल्ली.

२४ जून, सोमवार
कामावर गेले तर लॅबच्या दारावर मालकांच्या अक्षरात कागद: "कामाला मुलगी पाहिजे." हेही गेलं! आत जाऊन विचारलं, "माझं काय चुकलं?"
मालकांनी मान वर केली नाही. "शनिवारी तू गेल्यावर कॉलेजचा फोन आला. तुझा लागेना म्हणे. चौथी जागा तुझी. बाई म्हणाल्या, पुस्तकातलं आम्ही शिकवू." आणि मग — "इथे कशाला उभी आहेस? घरी जाऊन सांग."