पेडलची कुईकुई

कोल्हापूर, ३ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास, ऋतुराजचा शि. सा. नमस्कार.

फोनवर आपलं भांडणच होतंय, म्हणून हे पत्र. जिवाला चैन न्हाय बघ. सोळा तारखेला लोकगीतांच्या मोठ्या ग्रुपची निवड हाय. ड्रमवाला एकच घेणार. जागा मिळाली तर कागलच्या कारखान्याला रामराम, न्हाय तर जन्मभर तिथंच. परवा मशीनवर बोटं वाजवत बसलो म्हणून सुपरवायझरनं सगळ्यांदेखत झापलं.

माझा ड्रमसेट म्हणजे निव्वळ डबडं. पायाखालचं पेडल दर ठोक्याला कुईकुई करतंय. असल्यावर कोण निवडणार मला? दाजींचा परदेशी सेट माडीवर चादरीखाली पडून हाय, तेवढा मागून दे की. पाया पडतो तुझ्या.

तुझाच,
ऋतुराज

जयसिंगपूर, ७ फेब्रुवारी

चि. ऋतुराजास अ. उ. आशीर्वाद.

ह्यांना विचारलं. आधी तोंड फुगवलं, मग म्हणाले, न्हेऊ दे, पण एक ओरखडा जरी उठला तर दिवाळीला दारात उभं करणार न्हाय. उद्या टेम्पोनं पाठवते.

पण खरं सांगू? मला धाकधूक वाटतीया. लहानपणी तू गोठ्यात दुधाच्या किटल्या पालथ्या घालून बडवायचास आणि मी टाळ्या वाजवून एक-दोन-तीन-चार मोजायची. मी थांबले की तू घसरायचास, वर मलाच चापट्या मारायचास, गधड्या! आता मोजतंय कोण? नव्या सेटवर रोज बस. जेवणखाण सांभाळ.

माया आहेच, ती वाढवावी.
आक्का

कोल्हापूर, १७ फेब्रुवारी

ती. आक्कास सा. नमस्कार.

जागा गेली.

तू रोज बस म्हणालीस, पण ओरखड्याच्या भीतीनं मी दाजींचा सेट निवडीच्या रविवारपर्यंत उघडलाच न्हाय. सराव सगळा जुन्यावर. निवडीला दाजींच्या सेटवर बसलो आणि दुसऱ्या गाण्यातच लय पळाली. त्यांनी दोनदा थांबवलं. तेव्हा कळलं, इतकी वर्षं मी त्या कुईकुईवर मोजत होतो. दाजींचं पेडल मुकं.

मलकापूरची अनुजा म्हणून एक पोरगी होती. तिचा सेट घेऊन येणारी गाडी वाटेत बंद पडली. असू दे जोडीला म्हणून माझा जुना सेटपण मी टेम्पोत घालून नेला होता, तो दिला. चांगुलपणानं न्हाय, हिचीपण फजिती होऊ दे म्हणून दिला. तिनं दोन मिनिटं आवळाआवळ केली आणि असलं वाजवलं की माझ्या अंगावर काटा आला. कुईकुई तीच होती, पण कुणाच्या ध्यानातसुद्धा आली न्हाय. तिला घेतलं. लई राग आला आक्का, आणि रडूपण.

दाजींना सांग, ओरखडा न्हाय. आज कारखान्यातनं आल्या आल्या जुन्या पेडलात तेल घातलं. आता ते गप हाय, आणि मला एक गाणं धड पेलत न्हाय. येत्या रविवारी येतीस काय? नुसती समोर बस. मी कितीबी घसरलो तरी टाळ्या वाजवू नको.

रागावलीस तरी ये.
तुझा,
ऋतुराज