दाराशी एक खुर्ची
बुधवार, दिवेलागणीनंतर

विद्यापीठातल्या वाचनकट्ट्याची सानिका आज घरी आली. त्यांच्या कार्यक्रमात मी आवडत्या पुस्तकावर बोलायचंय. सभागृहाच्या परवानगीसाठी माझी नोंद 'बाहेरची व्यक्ती' अशी करावी लागली, म्हणून ओशाळली होती.

"काकू, नियमच तसाय."

मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं का? आमचे हे त्याच सभागृहाचे शिपाई. जन्मभर खुर्च्या लावल्या आणि कार्यक्रमभर दाराशी उभे राहिले. हे गेल्यापासून मी तिकडं फिरकले नाही.

"आता खुर्च्या कोण लावतं?"

"आम्हीच. लई वाकड्यातिकड्या!"

हसू आलं नाही. कार्यक्रमाला येते, म्हणाले मी. फक्त एक खुर्ची दाराशी ठेव.

"तुम्ही तर मंचावर बसणार ना?"

"व्हय. ती रिकामीच राहू दे. हे तिथं कधी बसलेच नाहीत."