लाल पट्ट्याची मोडल्स

सोनपेठ, दि. १२ फेब्रुवारी २०२५

चि. दिपाली हिस,
अनेक शुभाशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र पोचले. परीक्षा होईपर्यंत वसतिगृहाने तुम्हा मुलींचे मोबाईल कपाटात बंद केले, हे मला मनापासून आवडले. लिखित इंग्रजी ही लिहूनच शिकण्याची गोष्ट आहे. नर्सिंगच्या परीक्षेत तुझी लेखनाची बाजू कच्ची पडते. 'द ओल्ड पेशंट्स इन द वॉर्ड' लिहून झाले की पुढे 'कॅन' की 'कॅन्स' या विचारात पेन अडते, असे तू लिहितेस. आता शांतपणे वाच.

इंग्रजीतला नामपदबंध म्हणजे एका मुख्य नामाभोवती जमलेला कळप. पुढे 'द', मग संख्या, मग विशेषण, मग मुख्य नाम, आणि मागे 'इन द वॉर्ड'सारखे शेपूट. कळप कितीही लांबो, तो संपला की मोडल, म्हणजे साहाय्यक क्रियापद, येते: कॅन, मे, मस्ट, शुड, विल. त्याच्यामागे मूळ रूपातले क्रियापद. आपले मराठी क्रियापद कर्त्यापुढे सतत वाकते. तो शकतो, ती शकते, ते शकतात. मोडल मात्र कोणापुढेही वाकत नाही. एक पेशंट असो की अख्खा वॉर्ड, कॅन ते कॅनच. किती देखणा हा ताठा आहे, पाहा.

केवळ सांगून हे मनात ठसत नाही, म्हणून काल मी तुमच्या कळपावरच प्रयोग केला. नामपदबंधातल्या मेंढ्यांच्या मानेवर निळा रंग लावला आणि मोडल्सच्या पाठीवर लाल पट्टे ओढले. 'मस्ट'चा मान साहजिकच राणी शेळीला दिला, कारण ती पुढे चालल्याशिवाय तुमची एकही मेंढी पाऊल उचलत नाही. क्रियापद म्हणून मोत्या कुत्रा. आधी निळ्या मेंढ्या, मग एक लाल, मग मोत्या, अशा क्रमाने सगळी मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या दारातून बाहेर आली आणि माळावर एक निर्दोष वाक्य उभे राहिले. नंतर मुद्दाम 'मस्ट' आणि 'शुड' शेजारी ठेवून पाहिली, तर दोघींनी एकमेकींना ढुशा दिल्या. इंग्रजीतही दोन मोडल्स शेजारी नांदत नाहीत.

तुझे बाबा पाथरीला किशनरावांकडे गेले आहेत. त्यांच्या रिकाम्या रानात होळीपर्यंत खतासाठी आपला कळप बसवायचा बेत पक्का होतो आहे. तुझी आई म्हणाली, की मेंढरांना इंग्रजी आलं तर ती तिलाच कामाला लावतील. मी ते उत्तेजन समजलो.

प्रकृतीस जप. माया आहे तशीच ठेव, प्रश्न मात्र वाढव.
तुझा काका,
भागवत

परभणी, दि. १५ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचा कळप उपयोगी पडला. काल सराव परीक्षेत 'द न्यू नर्सेस ऑन द नाइट शिफ्ट' इथवर आले, डोळ्यांसमोर लाल पट्टा दिसला आणि न अडखळता 'मस्ट वॉश' लिहिले. शेजारच्या सुकेशनीने विचारले, की पेपर लिहिताना मी जिभेने कुत्र्याला बोलावल्यासारखा आवाज का काढत होते. तिला काय सांगणार?

पण काका, लाल रंगाचे वाचून माझी झोप उडाली. तुम्ही शाळेच्या नोकरीत कळपापासून दूर राहिलात, म्हणून विसरला असाल. विकलेल्या जनावराच्या पाठीवर आपल्याकडे लाल पट्टा ओढतात. बाबांनी काही म्हाताऱ्या मेंढ्या व्यापाऱ्याला देऊ केल्या आहेत आणि त्याचा टेम्पो कधीही येईल. पत्र मिळताच रंग धुऊन काढा. राणी गेली तर कळप जागचा हलणार नाही, आणि किशनराव दुसऱ्या कोणाच्या मेंढ्या बसवतील.

आईला नमस्कार. रागावू नका, तुमच्याच शिकवणीने बोलले.
तुमची,
दिपाली

सोनपेठ, दि. १७ फेब्रुवारी २०२५

चि. दिपाली हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र आणि टेम्पो यांत टेम्पो आधी पोचला.

घडले ते क्रमाने सांगतो. ड्रायव्हर गोपाळ भल्या पहाटे आला. तुझे बाबा पाथरीहून परतले नव्हते आणि आई पाण्याला गेली होती. गोपाळने लाल पट्ट्यांकडे बोट दाखवून याच का, असे विचारले. शिकायची ओढ असलेला माणूस दिसला म्हणून मी त्याला एकेक मोडल समजावत गेलो. 'मस्ट'मध्ये सक्ती असते, हे ऐकून त्याने आदराने मान डोलावली आणि राणीला बाकीच्या लाल मेंढ्यांसकट उचलून टेम्पोत ठेवले. टेम्पोचा मागचा फळा लावायला मीच हात दिला. मला वाटले, तो वाक्य पुढच्या गावी दाखवायला नेतो आहे.

आता मोडल्स राज्याच्या सीमेपलीकडच्या बाजारात, जनावरांच्या तपासणीच्या कोंडवाड्यात आहेत. तिथले साहेब आपल्या भागातले नाहीत. इंग्रजी अर्जाशिवाय जनावर सोडत नाहीत. इकडे कळप माळावर पुतळ्यासारखा उभा आहे. मोत्या भुंकून दमला. तुझे बाबा कालपासून माझ्याशी बोलत नाहीत. मेंढ्यांना मात्र ऐकू जाईल असे पुष्कळ बोलतात. किशनरावांनी शिवरात्रीपर्यंत वाट पाहीन, असे कळवले आहे.

चिंता नसावी. राणीचा नामपदबंध मी परिपूर्ण बांधला आहे: तिचा रंग, कान, वय, मालक, मालकाचे गाव, गावाचा तालुका, तालुक्याची सुपीक माती, सारे त्यात आले. क्रियापद चौथ्या पानावर येते. अर्ज गोपाळबरोबर आज रवाना झाला.

आहे तेवढा लोभ टिकला तरी मी भरून पावेन.
भागवत

परभणी, दि. २१ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

बाबांचा निरोप आला. साहेबांनी दुसऱ्या पानावर वाचन थांबवले आणि अर्ज परत पाठवला. सोबत विचारले, की अर्जदाराला शेळी हवी आहे की तालुका. हसू नये, पण हसले.

काका, तुम्ही शिकवले ते सगळे बरोबर होते. कळप कितीही लांबला तरी चालतो, हेही बरोबर. पण वाचणारा माणूस जाळीच्या दारात उभा असतो, आणि सगळा कळप बाहेर पडेपर्यंत तो थांबत नाही. परीक्षेच्या तयारीत मी हाच धडा घोकते आहे, म्हणून आगाऊपणा करून दोन ओळींचा अर्ज मीच लिहिला. 'द ब्लॅक गोट विथ द टॉर्न इअर मस्ट कम होम. द शीप विथ द रेड बॅक्स शुड कम विथ हर.' साहेबांना 'मस्ट' लिहिणे उद्धटपणाचे वाटले. खोडून 'मे' केले, पुन्हा खोडले. राणी यावी का, असा प्रश्नच नव्हता. खाली सही आणि विनंती घातली आहे. गोपाळ आज परभणीवरूनच पुढे गेला, त्याच्या हाती दिला.

बाबांशी तुम्हीच आधी बोला. मोठे आहात.
तुमची लाडकी आणि आता थोडी भ्यालेली,
दिपाली

सोनपेठ, दि. २४ फेब्रुवारी २०२५

चि. दिपालीला आईचा लय लय आशीर्वाद.

कागद काकाचा हाय, पर लिहायला मी बसले. त्यायनी लिहिलं असतं तर आमी पाथरीला पोचलो असतो तरी पत्र सरलं नसतं.

राणी काल आली. सायबानं तुझा कागद वाचला, उठून कोंडवाड्यात गेले, फाटका कान बघितला आन सोडून दिली म्हने. फळा उघडला तशी उडी मारून उतरली, कुनाकडं बघितलं न्हाई, सरळ वाटंला लागली. समदं मेंढरू तिच्यामागं. तुझा बाप सदरा घालायचा राहिला, तसाच पळाला आन समद्यायला माघारी वळवून आनलं.

तीन मेंढ्या बी आल्या. काका जिला शुड म्हनायचे ती मातर आधीच एका लग्नाच्या पंगतीला गेली.  आता शुडबिगर इंग्रजी कसं शिकवावं, असं काका म्हनायलेत. मी त्यायला शुड म्हंजे काय ते इचारलं. त्यायनी सांगितलं, असं करायला पाहिजे, तसं करायला पाहिजे, हे सांगायचा शब्द. मी म्हनलं, भाऊजी, मग गेली ते बरं झालं. ह्या घरात तिचा कळप लय वाढला होता. तुझा बाप हसला. काकाशी बोलला बी. दोघं मिळून लाल पट्टे घासायलेत, पर रंग निघायला तयार न्हाई.

आज दुपारी निघायचं. शिवरात्रीच्या आत किशनरावच्या रानात बसू. काका बी संगं येनार हायेत.

पेपर झाला की ये. यायलाच पाहिजे असं न्हाई. मन झालं तर ये. भाकरी असंल.

तुझी आई,
भिवराबाई